चारशे बारा रिळं

टाकेमावशींच्या पुढच्या खोलीत दोन यंत्रं समोरासमोर बसलेली होती. खिडकीपाशी भरतकामाचं मशीन, आणि त्याच्यापासून दोन हातांवर कॉम्प्युटर. मधे एक फिरती खुर्ची. एकीकडे वळलं की डिझाइन आखायचं, दुसरीकडे वळलं की ते कापडावर उतरवायचं. "लोक म्हणतात बाई घरात बसून असते," मावशी सांगत, "अहो, मी दिवसभर गरागरा फिरते."

काम होतं गणवेशांवरचे बिल्ले भरण्याचं. शाळा, दवाखाने, हॉटेलं, पहारेकरी, खेळाडूंचे संघ, ज्यांना ज्यांना छातीवर किंवा दंडावर काही मिरवायचं असतं ते सगळे. त्याआधी अकरा वर्षं मावशी एका कपड्यांच्या कारखान्यात कॉलर शिवत होत्या. कारखाना बंद पडला आणि सामान विकायला निघालं, तेव्हा त्या ही दोन यंत्रं घेऊन घरी आल्या. विकणारा म्हणाला होता, "मशीन हवं तर कॉम्प्युटरही न्यावा लागेल, एकाशिवाय दुसरं चालत नाही." मावशी म्हणाल्या, "द्या की मग. आपण कशाला कुणाचं जोडपं फोडा?"

शिकवायला कुणी नव्हतं. पहिल्या वर्षी दोनशेच्या वर सुया मोडल्या. पण हळूहळू मशीनची नस सापडली, आणि मग मावशी सगळं टाक्यांतच मोजायला लागल्या. कुणी बिल्ल्याचा आकार विचारला तर इंच नाहीत की सेंटिमीटर नाहीत, "सहा हजार टाके" असं उत्तर यायचं. भाजी शिजायला किती वेळ आहे असं नवऱ्यानं विचारलं तरी, "हा बिल्ला होईस्तोवर होईल, चार हजार राहिलेत." नवरा लांब पल्ल्याची बस चालवायचा. चार दिवस घराबाहेर असायचा, त्यामुळे त्यानं कधी वाद घातला नाही. टाकेमावशी हे नाव गल्लीनं ठेवलं आणि त्यांनी ते खुशाल वापरू दिलं.

त्यांची एक पद्धत मात्र जगात दुसऱ्या कुणाची नसेल. पहिलं डिझाइन आखून झालं तेव्हा प्रोग्रामनं विचारलं, याला नाव काय द्यायचं? मावशींनी समोर दिसली ती पहिली कळ दाबली. फाइलचं नाव पडलं "ए". दुसऱ्या वेळी "ए" चालेना, म्हणून "एए". मग "एएए". पुढे कंटाळा आला की "बी", आणि मग "बीबी". अठरा वर्षांत अशा चारशे बारा फाइली झाल्या. सगळ्या एकाच फोल्डरात, आणि प्रत्येकीवर प्रोग्रामचं तेच लाल रिळाचं चित्र. दुसऱ्याला बघून भोवळ आली असती. मावशींना एकदाही अडचण आली नाही, कारण त्या नावं वाचतच नव्हत्या. जुन्या सिस्टीममध्ये फोल्डरातली चित्रं मनाला येईल तिथे ओढून ठेवता येत, आणि मावशींनी ती दोऱ्यांच्या कपाटासारखी लावली होती. वरच्या दोन ओळी शाळांच्या. तिसऱ्या ओळीत डावीकडून पाचवं रीळ म्हणजे अग्निशमन दल. त्याच्याखाली जरासं तिरकं ठेवलेलं पाणीपुरवठा खातं. तिरकं अशासाठी, की त्याचा निळा दोरा नेहमी तुटायचा, आणि ते लक्षात राहायला हवं. ज्यांनी नंतर काम दिलं नाही ते सगळे उजव्या कोपऱ्यात, रुसल्यासारखे.

"वहिनी, अहो, नावं द्या नीट," त्यांचे धाकटे दीर दर खेपेला म्हणायचे.

"कशाला? भाऊजी, तुम्ही तुमच्या घरात संडासाच्या दारावर पाटी लावलीय का?"

भाऊजी वीज खात्यातून निवृत्त झालेले. छत्तीस वर्षं त्यांनी मीटर तपासले. दोन गल्ल्या पलीकडे राहायचे, आणि वहिनींच्या कॉम्प्युटरची प्रकृती बघणं हे आपलं कर्तव्य आहे असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. गेल्या महिन्यात त्यांनी स्वतःच्या कॉम्प्युटरवर नवी सिस्टीम चढवली होती, एकट्यानं, आणि ती नीट चाललीही होती. तेव्हापासून त्यांचे हात शिवशिवत होते.

संधी दिली ती मावशींना बिल्ल्यांची कामं देणाऱ्या गणवेशाच्या दुकानानं. दुकानाचे म्हातारे मालक घरी बसले आणि कारभार त्यांच्या सूनबाईंनी हातात घेतला. सूनबाई बोलायला गोड, पण कामात चोख. सोमवारी त्यांचा फोन आला.

"मावशी, आता सगळी कामं आमच्या साइटवरून जाणार. फोनवर नाही, चिठ्ठीवर नाही. गुरुवारी दुपारी बारापर्यंत तुमची पाच डिझाइनं साइटवर चढवा. अग्निशमन, नर्सिंग कॉलेज, पोहण्याचा क्लब, मुलींची शाळा आणि पाणीपुरवठा. ही दरवर्षी लागतातच."

"आणि नाही जमलं तर?"

"तर मला ती भरतकामाच्या कारखान्याकडे द्यावी लागतील. त्यांचा करार वर्षाचा असतो, मावशी. मग मधे काही बदलता यायचं नाही."

या पाच बिल्ल्यांवर मावशींचं निम्म्याहून जास्त काम चालायचं. ते गेले की मशीन कापडाखाली झाकून ठेवायचा दिवस, हे सांगायला कुणाची गरज नव्हती. मावशींनी लगेच साइट उघडली. पांढऱ्या पडद्यावर एकच वाक्य आलं: तुमची सिस्टीम फार जुनी आहे.

"बघा," भाऊजी म्हणाले, "मी म्हणत होतो की नाही?"

"तुम्ही पुष्कळ म्हणत असता. तुमच्याकडच्या कॉम्प्युटरवरून पाठवता येतील का, ते सांगा."

"येतील. पण मग रोज ऑर्डर बघायला माझ्या दारात याल का पेनड्राइव्ह घेऊन? तुमच्या जाऊबाई रोज चहा पाजतील, त्याबद्दल वाद नाही."

रोज दुसऱ्याच्या दारात, ही कल्पना मावशींना सोसवली नाही. बुधवार ठरला.

बुधवारी दहाला भाऊजी आले ते इस्त्रीचा शर्ट घालून. आधी त्यांनी सगळ्या फाइली पेनड्राइव्हवर उतरवल्या, एकदा नाही, दोन पेनड्राइव्हवर दोनदा. मोजून पाहिल्या. चारशे बारा. मग म्हणाले, "वहिनी, नुसती वरवर नवी सिस्टीम घालण्यात अर्थ नाही. अठरा वर्षांचा गाळ आहे. सगळं पुसून कोऱ्या पाटीवर घालू."

"माझी डिझाइनं?"

"खिशात आहेत." त्यांनी खिसा थोपटला.

मावशींनी मान हलवली. दोघांनाही त्यात खोट दिसली नाही, आणि खरं सांगायचं तर कुठल्याही जाणकाराला दिसली नसती.

जुनी सिस्टीम पुसली गेली. नवी चढायला लागली. पडद्यावर अक्षरं आली, की थोडं थांबा, आम्ही तुमच्यासाठी सगळं तयार करत आहोत.

"आम्ही म्हणजे किती जण?" मावशींनी विचारलं.

"एकच आहे. आदरार्थी बोलतोय."

ऐंशी टक्क्यांवर तो आदरार्थी पाऊण तास अडून बसला. भाऊजींचा चेहरा उतरला, पुन्हा चढला. शेवटी दीडच्या सुमारास कॉम्प्युटर झोपेतून उठल्यासारखा ताजातवाना समोर आला. साइट उघडून पाहिली तर ती अगदी आदबीनं उघडली. भाऊजींनी टाळी वाजवली. मग जुन्या सीडीवरून भरतकामाचा प्रोग्राम घातला. तो आधी चालेचना. मग भाऊजींनी कुठेतरी एक खूण केली, म्हणजे नवी सिस्टीम त्याच्यापुरतं जुन्या सिस्टीमचं सोंग घेणार. त्यानंतर तो चालला, पण गुडघेदुखीच्या माणसानं जिना चढावा तसा. एक फाइल उघडायला चार मिनिटं.

"चार तर चार," मावशी म्हणाल्या. "पाचच उघडायच्यात. आणा माझी रिळं."

भाऊजींनी पेनड्राइव्ह लावला, फोल्डर परत जागेवर ठेवला आणि उघडला.

चारशे बारा रिळं सैनिकांसारखी रांगेत उभी होती. ए, एए, एएए. बी, बीबी. सरळ ओळीत, एकसारख्या अंतरावर.

मावशींनी तिसऱ्या ओळीत डावीकडून पाचव्या रिळाकडे बघितलं. मग खाली बघितलं. तिरकं काहीच नव्हतं. उजव्या कोपऱ्यात कुणी रुसलेलं नव्हतं.

"भाऊजी, हे कुणी आवरलं?"

"कुणी नाही. नावाप्रमाणे लागलंय आपोआप. थांबा, तुम्हाला हवं तसं ओढून..." त्यांनी एक रीळ धरून बाजूला ओढलं. सोडल्याबरोबर ते टुणकन परत आपल्या जागी जाऊन बसलं. त्यांनी पुन्हा ओढलं. पुन्हा टुणकन. नव्या सिस्टीमनं फोल्डरात मनासारखं मांडायची सोयच काढून टाकली होती.

भाऊजींना हळूहळू उलगडा झाला. त्यांनी एकही फाइल हरवली नव्हती. प्रत्येक टाका पेनड्राइव्हवर सुखरूप होता. हरवली होती ती फक्त जागा, आणि मावशींच्या कारभारात जागा म्हणजेच नाव होतं.

"तारखा बघू," ते घाईनं म्हणाले. "कुठली फाइल कधी केली ते दिसेल." तारखा बघितल्या. सगळ्या चारशे बारांवर एकच तारीख, एक जानेवारी, आणि वर्षही एकच. जुन्या कॉम्प्युटरच्या आतल्या घड्याळाचा सेल कधीचा मेला होता. रोज सकाळी तो नव्यानं एक जानेवारीलाच जागा व्हायचा. तारखेवाचून मावशींचं काही अडलं नव्हतं, म्हणून कुणी सेल बदललाही नव्हता.

भाऊजींनी कपाळावर हात मारला. मग कागदावर गुणाकार केला. चारशे बारा गुणिले चार मिनिटं म्हणजे सत्तावीस तासांच्या वर. उद्या दुपारी बाराला अजून एकवीस तास होते.

"नव्यानं आखली तर?" त्यांनी विचारलं.

"एकाला दोन दिवस लागतात."

पुढे तीन तास दोघं एकेक फाइल उघडत बसले. दर चार-पाच फाइलींनंतर प्रोग्राम दमून बंद पडायचा, मग सगळं पहिल्यापासून. सहा वाजेपर्यंत बावीस फाइली झाल्या. एका बेकरीचा एप्रन निघाला, एका हॉटेलचा बिल्ला निघाला, कुणाच्या तरी कुत्र्याच्या अंगरख्याची चकती निघाली. पाचांतलं एकही नाही.

भाऊजी जाताना दारात थांबले. "वहिनी, चूक माझी आहे. मी विचारायला हवं होतं."

"काय विचारणार होतात? रिळं तिरकी का ठेवलीत म्हणून?" मावशी म्हणाल्या. पण आवाजात नेहमीची धार नव्हती, आणि ते भाऊजींना टोमण्यापेक्षा जास्त लागलं.

गुरुवारी ते साडेसातलाच हजर. मावशींनी त्यांना कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि आपण भरतकामाच्या मशीनकडे वळल्या. हॉटेलची फाइल काल सापडली होतीच. त्यांचे सहा बिल्ले द्यायचे बाकी होते. जे हातात आहे ते तरी वेळेवर जावं, एवढाच विचार. फ्रेम चढवली, मशीन सुरू केलं. खोलीत एकीकडे सुईची टकटक, दुसरीकडे भाऊजींचे सुस्कारे.

"हे किती वेळ चालणार?" त्यांनी कंटाळून विचारलं.

"पंचवीस मिनिटं. अकरा हजार टाके आहेत."

"कशावरून?"

"कशावरून म्हणजे? मशीनवर आकडा पडतो की."

भाऊजींनी मान वळवून पाहिलं. पडद्यावर नुकतं कुठे चारशे दिसत होतं. "अहो, तो तर आत्ता चालू झालाय. अकरा हजार तुम्ही आधीच कसं सांगितलंत?"

"अठरा वर्षं त्या आकड्याकडे टक लावून बसतेय मी. मोठी गिऱ्हाइकं सगळी पाठ आहेत. गिऱ्हाइकाला वेळ सांगायचा तर टाके माहीत नकोत?"

"बेकरीच्या एप्रनचे किती?"

"पाच हजार दोनशे."

भाऊजी खुर्चीत सरळ बसले. त्यांनी फोल्डरात काहीतरी दाबलं. रिळं जाऊन तिथे यादी आली आणि प्रत्येक नावापुढे एक आकडा. काल उघडलेल्या दोन फाइली त्यांनी शोधल्या. बेकरीची सोळा हजार एकशे बारा. हॉटेलची तेहतीस हजार पाचशे बारा.

"हे काय आहे?" मावशींनी विचारलं.

"फाइलचं वजन समजा. जास्त टाके, जास्त वजन." ते कागदावर भराभर लिहीत होते. "पण तीन पटही येत नाही, सव्वातीनही येत नाही. काहीतरी जास्तीचं चिकटलंय." पेन्सिल थांबली. मग ते मोठ्यानं हसले. "वहिनी, मी गाढव आहे."

"ते राहू द्या, पुढे बोला."

"छत्तीस वर्षं काय केलं मी? आताचं रीडिंग वजा मागचं रीडिंग! नवा मीटर कधी शून्यावरून सुरू होतो का? नाही. तसंच हे. दोन्ही फाइलींतला फरक काढा, सतरा हजार चारशे. टाक्यांतला फरक काढा, पाच हजार आठशे. बरोबर तीन पट! एका टाक्याला तीन. आणि मीटर सुरुवातीलाच पाचशे बारावर होता!"

मावशींनी मशीन थांबवलं. सुई वरच राहिली. "म्हणजे मी टाके सांगायचे आणि तुम्ही वजन काढायचं?"

"सांगा. अग्निशमन?"

"चौदा हजार तीनशे पन्नास."

भाऊजींनी तिप्पट केली, पाचशे बारा मिळवले. त्रेचाळीस हजार पाचशे बासष्ट. यादी वजनाप्रमाणे लावली आणि बोट खाली सरकवत नेलं. त्रेचाळीस हजार पाचशे बासष्ट तिथे होतं. नाव "डीडीडी". फाइल उघडायला चार मिनिटं लागली. पडद्यावर आधी एक लाल रेघ उमटली, मग पिवळी, मग शिडी, मग ज्वाळा.

"आली बाई एकदाची," मावशी म्हणाल्या, आणि डोळे पुसून पुढचा आकडा सांगितला.

नर्सिंग कॉलेज, आठ हजार सहाशे वीस. सापडलं. पोहण्याचा क्लब, सहा हजार एकशे पंचाहत्तर. तिथे सारख्या वजनाच्या दोन फाइली निघाल्या, दुसरी क्लबची होती. मुलींची शाळा, अकरा हजार नऊशे आठ. ती मावशींनी इतक्या ठसक्यात सांगितली की भाऊजींनी उघडून बघायच्या आधीच बरोबरची खूण केली. साडेदहा वाजून गेले तेव्हा चार फाइली साइटवर चढल्या होत्या.

"पाणीपुरवठा?"

मावशी निळ्या दोऱ्याच्या रिळाकडे बघत राहिल्या.

"वहिनी?"

"आठवत नाही हो. त्याचा दोरा इतका तुटायचा की मी आकड्याकडे बघतच नसे. दोऱ्याकडे बघत बसायची."

"अंदाजे?"

"साडेसात हजार ते आठ हजार. त्याच्याबाहेर नाही, ही खात्री."

त्या वजनात नऊ फाइली बसत होत्या. नऊ चोक छत्तीस मिनिटं, प्रोग्रामनं दगा दिला नाही तर. त्यानं तिसऱ्या फाइलीनंतर दगा दिला. भाऊजींनी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला, आणि त्यात वीस मिनिटं गेली. चौथी फाइल पहारेकऱ्यांची. पाचवी कुठल्यातरी लग्नाच्या रुमालांची, नवरानवरीची नावं गुंफलेली. सहावी एक बदक.

"बदक कुणासाठी केलं होतं?"

"मला काय ठाऊक. पुढची उघडा."

सातवी उघडायला लागली तेव्हा अकरा सव्वीस झाले होते. निळी रेघ आली. निळी रेघ लांबत गेली, वळली, लाट झाली. मावशी पुढे वाकल्या. लाटेवर नळ उमटला.

अकरा त्रेचाळीसला पाचवी फाइल साइटवर चढली आणि पडद्यावर हिरवी खूण आली. भाऊजींनी शर्टाच्या बाहीनं कपाळ पुसलं. आजचा शर्ट इस्त्रीचा नव्हता. मावशींनी चहा टाकला आणि त्यात साखर घालायला विसरल्या. दोघांनी तो तसाच प्यायला.

एक वाजता सूनबाईंचा फोन आला.

"मावशी, पाचही मिळाली. तीन तशीच्या तशी चालतील. शाळेचं आणि पाणीपुरवठ्याचं मात्र परत करावं लागेल. त्यांनी शर्टाचं कापड बदललंय, पातळ घेतलंय. टाके कमी करून सोमवारपर्यंत द्याल?"

भाऊजींनी कान लावून ऐकलं आणि तोंड वाकडं केलं. मावशींनी त्यांना हातानंच गप्प केलं.

"देईन. पण सोमवारी कापडाचा तुकडा देऊन चालणार नाही, आजच हवा. नुसते टाके कमी केले तर लाट सुरकुतते. खाली अस्तर कुठलं लावायचं, ते कापड बोटांत धरल्याशिवाय कळत नाही."

"हे कारखान्याच्या लोकांनी विचारलंच नाही," सूनबाई म्हणाल्या. "ते म्हणाले, डिझाइन पाठवा, बाकी आम्ही बघतो."

"ते बघतील ना. धुतल्यावर."

सूनबाई हसल्या. "बरं, ऐका. मी चार वाजता तिकडूनच जातेय. दोन्ही कापडं घेऊन येते, आणि तुमचं मशीनही बघते एकदा. पाचही कामं तुमच्याकडेच ठेवू, वर्षभरासाठी. कागद बरोबर आणते."

मावशी फोन ठेवून कॉम्प्युटरकडे वळल्या. मग एकदम म्हणाल्या, "भाऊजी, चारला माणूस येणार घरी. आणि ही यादी अशी, ए, एए, बीबी. काय म्हणेल ती?"

"मी काय अठरा वर्षं बोंबलत होतो?"

"बोंबलणं पुरे. बसा. कळफलक घ्या पुढ्यात. मी टाके सांगते, तुम्ही शोधून नाव घाला. आठवतात तेवढी तरी करू." मावशींनी खुर्ची त्यांच्या शेजारी ओढली आणि डोळे मिटले. "वरची ओळ, शाळा. पहिली, नऊ हजार चारशे दहा. लिहा, टेकडीवरची शाळा, हिरवा काठ. दुसरी..."

"हळू, वहिनी, हळू! तिप्पट तरी करू द्या."